वरच्या मजल्याची खालच्या मजल्याला नोटीस

निवारा देणं हे माणसाच्या हातून घडणारं सर्वांत जुनं पुण्य आहे. अन्न एका वेळेचं, वस्त्र वर्ष-दोन वर्षांचं. डोक्यावरचं छप्पर मात्र पिढ्यांना पुरतं. असं माझे वडील म्हणत. आमच्या लोणावळ्याच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. तिथं ते हे पुण्य अकरा-अकरा महिन्यांच्या करारानं आणि डिपॉझिट घेऊन करत.

त्या खोल्यांत शेवटी जे कुटुंब आलं, त्यातल्या कर्त्या माणसाला सगळी गल्ली भाऊ म्हणते, म्हणून मीही म्हणते. भाऊ एका हॉटेलात देखभालीचं काम बघतात. गिझर, पंप, वायरिंग, आणि शनिवारी रात्री पर्यटकांनी जे काय मोडलं असेल ते. त्यांची बायको तळेगावकडच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या तोडणीला जाते. घरात भाऊंची आई, ज्यांना मी मावशी म्हणायचे, आणि एक मुलगी, आली तेव्हा रांगत होती. मूळ गाव पवन मावळात, तिकोणा पेठेच्या अलीकडे. कुटुंब बौद्ध. वडिलांनी आडनाव विचारलं, ते ऐकून क्षणभर थांबले आणि मग घर दिलं. आपण क्षणभरच थांबलो होतो ही गोष्ट त्यांनी पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. 'आपल्याकडे असलं काही नाही' हे वाक्य तर भाऊंना पाठ झालं असणार. आमचा जिना उघडा आहे, वरचा आवाज सरळ खाली जातो.

शेवटचा करार संपला तेव्हा वडील दवाखान्यात होते. ते गेले आणि नवा करार कुणी केला नाही. घर माझ्या नावावर आलं. नोंदणीसाठी चला म्हणून भाऊ दोनदा म्हणाले, तेव्हा मीच म्हणाले, राहू दे हो, आता काय, घरचीच माणसं. हे वाक्य घरमालकानंच म्हणायचं असतं. भाडेकरूनं म्हटलं तर आपण वकिलाकडे जातो.

तेव्हापासून सगळं महिन्याच्या बोलीवर चाललं. दर एक तारखेला भाऊ भाडं घेऊन वर येत, खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेत, आणि घरातलं काही बिघडलंय का विचारत. बिघडलेलं असेच. शनिवारी त्यांची बायको पायरीवर गुलाब ठेवून जाई. दांडी आखूड निघाली म्हणून परदेशी न जाणारे ते गुलाब; माझ्या टेबलावर मात्र ते चांगले आठवडाभर टिकायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात उभी हयात काढली. घरात पुस्तकांखालोखाल काही देखणं असेल तर ते हे नापास गुलाब.

मग पुण्याला माझी मोठी बहीण पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालायला लागली, पण राहते तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. सोसायटीनं लिफ्टसाठी उपसमिती नेमली होती. उपसमितीनं अहवाल दिला होता. त्या अहवालाचं शाल-श्रीफळासह प्रकाशनही झालं होतं. लिफ्ट तेवढी नव्हती. ताई फोनवर म्हणाली, "मला आता खाली यायचंय. खाली म्हणजे जमिनीवर, वर जायच्या आधी." मी म्हणाले, तळमजला तुझाच आहे. तिला जागा हवी होती ही गोष्ट खोटी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं काही नाही.

वकिलांचं ऑफिस बाजारात चिक्कीच्या दुकानाच्या वर आहे, त्यामुळे कायद्याला तिथं भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येतो. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. महिन्याच्या बोलीवरचा भाडेकरू तोंडी सांगून जात नाही, म्हणजे गेला तर चांगलंच, पण कायदा ते धरत नाही. लेखी नोटीस पाहिजे. निदान पंधरा दिवसांची, आणि भाड्याचा महिना जिथं संपतो तिथं संपणारी. त्यानंतरही माणूस राहिला तर कोर्टात जायचं, आणि तिथं खोल्या खरोखर स्वतःला लागतात हे पटवून द्यायचं. तोवर पाणी बंद करायचं नाही, वीज तोडायची नाही, कुलूप बदलायचं नाही. आणि मुदत उलटल्यावर भाडं घ्यायचं नाही. घेतलं की तुम्हीच त्यांना राहा म्हणालात असा अर्थ निघतो आणि नोटीस वाया जाते.

मी गुलाबांचं विचारलं. त्याबद्दल कायद्यात काही नाही, ते म्हणाले.

पंधरा दिवस मला कमी वाटले. मी महिन्याहून जास्त दिले, सप्टेंबरअखेरपर्यंत. हे मोठं मन मी आमच्या ह्यांना जेवताना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खाली जाऊन सांगून ये आधी." मी म्हणाले, वकील म्हणतात कागदच बोलू दे. वकील तसं म्हणाले नव्हते. कागद लागतो एवढंच ते म्हणाले होते; तोंड बंद ठेवा हा अर्थ माझा.

नोटीस मात्र देखणी झाली. दोन दमट खोल्यांना 'सदरहू मिळकत' म्हटलेलं होतं आणि चतुःसीमा दिल्या होत्या: पूर्वेस जिना, पश्चिमेस मोरी, दक्षिणेस सामाईक बोळ, उत्तरेस तुळस. एखाद्या संस्थानाचा तह असावा असा तो कागद. तो रजिस्टर पोस्टानं गेला, म्हणजे आमच्या फाटकातून बाहेर पडला, बाजारातून पोस्टात गेला, आणि चार दिवसांनी त्याच फाटकातून परत आत आला. पोस्टमननं मला हाक मारून विचारलं, खालचे आहेत का घरात. मी गॅलरीतून म्हणाले, आहेत. मावशींनी दारात उभ्या राहून सही केली. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही, प्रत्येक अक्षर वेगळं उभं. त्यांनी वर पाहिलं. मी तोवर आत गेले होते.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालायला उतरले तर त्या उंबऱ्यात बसलेल्या होत्या.

"बाय, एवढं पोस्टात घालायचं काय हुतं?" त्या म्हणाल्या. "जिना उतरून आली असतीस तर पाय झिजलं असतं व्हय?"

मी ताईचं ऑपरेशन सांगायला लागले.

"समदं लिवलंय त्यात. पोरानं वाचून दावलं. तुज्या बहिणीचं हाड, आमची मोरी, तुमची तुळस, समदं हाय. आमचं तेवढं न्हाई कुटं."

मी तुळशीला जरुरीपेक्षा जास्त पाणी घातलं.

भाऊ संध्याकाळी वर आले. तारीख एक नव्हती, त्यामुळे खुर्चीवर बसावं की नाही हे आम्हा दोघांनाही कळेना. ते उभेच राहिले. म्हणाले, घर तुमचं आहे, तक्रार काही नाही. फक्त मुलगी दहावीला आहे, तिची शाळा इथली, तेव्हा मार्चपर्यंत लोणावळ्यातच कुठंतरी राहायचंय. कुठंही चालेल. कुणाला विचारायचं असेल तर तुमचा नंबर देऊ का?

मी म्हणाले, जरूर द्या. मार्चपर्यंत इथंच राहा, हे म्हणायला फार शब्द लागले नसते. पण ताई तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तारीख एकदा ढकलली की ढकललीच जाते असं वकील म्हणाले होते. हे मात्र ते खरंच म्हणाले होते.

भाऊंनी जागा शोधायला सुरुवात केली. आमच्या गावात हे सोपं राहिलेलं नाही. पूर्वी ज्या खोलीत कुटुंब राहायचं तिथं आता शनिवार-रविवारचे पाहुणे राहतात, आणि मालकाला तेच परवडतं. उरलेल्या जागा बघून भाऊ परत येत. मी जिन्यातून विचारलं की म्हणत, "जमलं नाही, काकू." का जमलं नाही हे ते सांगत नसत, आणि मी विचारत नसे. वाचन असलेल्या माणसाला असल्या गोष्टी पुस्तकात पटकन कळतात. जिन्यात उशीर लागतो.

शनिवारचे गुलाब येतच होते.

सप्टेंबरच्या मध्याला कालनिर्णय बघताना माझ्या लक्षात आलं की नोटिशीची तारीख पितृपक्षात येते. मी पक्ष पाळत नाही. पाळत नसले तरी पक्षात आम्ही फ्रीज घेत नाही. ह्या दिवसांत माणसं नवी वस्तू आणत नाहीत, बोलणी करत नाहीत, आणि घर तर कुणीच बदलत नाही. पितरांच्या पंधरवड्यात एका कुटुंबाला घराबाहेर काढलं हे माझ्या नावावर नको, असं मला वाटलं. वकिलांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही आपणहून थोडे दिवस दिले तर हरकत नाही, तसं लिहून द्या आणि त्या दिवसांचं भाडं घेऊ नका. मला फारच बरं वाटलं. पितृपक्ष टाळायचा, पुढं दसरा, साडेतीन मुहूर्तांतला एक. शिवाय दसरा हा त्यांचाही मोठा दिवस, हे मला ठाऊक होतं. मी एका दगडात सगळ्यांची मनं जपली होती. फक्त खाली जाऊन सांगायचं राहिलं होतं, आणि ते मी दुपारच्या चहानंतर करणार होते.

चहाच्या आधी फोन आला. वलवणच्या, म्हणजे लोणावळ्यातल्याच, एका घरमालकाचा होता. भाऊ त्यांची खोली बघून गेले होते, या रविवारीच सामान आणतो म्हणाले होते, आणि माझा नंबर देऊन गेले होते. माणसं कशी आहेत एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"सोन्यासारखी," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. तिथं थांबायचं. पण मी औदार्याच्या भरात होते. "पण रविवारी नको. पितृपक्ष आहे ना. मी त्यांना दसऱ्यापर्यंत मुदत देतेय. दसऱ्याला येतील तुमच्याकडे, मुहूर्तावर."

"ते तर लगेच येतो म्हणाले."

"भिडेनं म्हणाले असतील हो. पक्षात कोण घर बदलतं?"

मग ते म्हणाले, "हो, तेही खरंच. दसऱ्याला बघू मग."

मी चहा घेतला आणि दिवाळीची भेट घेऊन निघावं तशी जिना उतरले. भाऊ त्या दिवशी घरी होते. खोक्यांना सुतळ्या बांधणं चाललं होतं. मी मुदतीचं सांगितलं, भाडं घेणार नाही हे सांगितलं, आणि वलवणला मी परस्पर बोलले आहे, काळजी करू नका, हेही सांगितलं. भाऊंच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"पक्ष आमाला कुटला गं बाय?" मावशी म्हणाल्या. "आमी कवाच सोडला त्यो."

भाऊ हळू आवाजात बोलले; मुलगी आत अभ्यास करत होती. "काकू, पक्ष आहे म्हणूनच ती खोली मिळत होती. ह्या दिवसांत जागा पडून राहते, मालकाला कुणीतरी हवं असतं. फार काही विचारत नाही. दसऱ्याला गिऱ्हाइकं येतात, मग तो निवड करतो." मग ते म्हणाले, "आणि दसऱ्याला आम्ही घरी नसतोच. देहू रोडच्या बुद्धविहारात जातो सगळे."

मी म्हणाले, आत्ता फोन करते. जिन्यातूनच केला. मालकांनी तो उचलला आणि फार गोड बोलले. तुम्ही आठवण केलीत ते बरं झालं, म्हणाले. त्यांच्या बायकोचंही तेच म्हणणं पडलं, पक्षात नवं माणूस वास्तूत नको. मी म्हणाले, पण त्यांची काही हरकत नाही, ते पाळत नाहीत. "ते पाळत नसतील," मालक म्हणाले, "वास्तू आमची आहे ना." आणि मग सहज, दाराची कडी लावता लावता विचारावं तसं, "पाळत नाहीत म्हणजे? आडनाव काय म्हणालात त्यांचं?"

मी म्हणालेच नव्हते. तेव्हाही आडनाव सांगितलं नाही, विषय बदलला, आणि आपण फार मोठं काही केलं असं मला वाटलं. पण पाळत नाहीत हे मीच सांगून बसले होते, आणि पुढची चौकशी करायला मीच त्यांना दसऱ्यापर्यंत वेळ दिला होता. चार दिवसांनी मी पुन्हा फोन केला तेव्हा त्यांची चौकशी पूर्ण झालेली होती.

"तसं काही नाही हो आपल्याकडे," ते म्हणाले. "पण बाकीच्या बिऱ्हाडांचाही विचार करावा लागतो. तुम्ही समजून घ्याल."

वडिलांचंच वाक्य होतं, दुसऱ्याच्या घरातून आलेलं. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. ह्या विषयावर मी कॉलेजात पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं होतं, उद्घाटनाला पाहुणे बोलावले होते, आणि आभारप्रदर्शनही केलं होतं. मी म्हणाले, "हं."

त्यांनी फोन ठेवला.

भाऊंना मी सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला गेली. का, ते त्यांनी विचारलं नाही. दसऱ्यापर्यंतची मुदत, ती नको असेल तर दिवाळीपर्यंतची मुदत, मी पुढं करत राहिले. ते म्हणाले, नको, तुमच्या कागदावर तारीख लिहिली आहे तीच बरी. तारखेच्या दिवशी सकाळी पिकअप आली आणि सामान तिकोणा पेठेच्या बाजूला, त्यांच्या भावाच्या घरी गेलं. मुदतीनंतरचं भाडं नाकारायचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. ते म्हणायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. खोल्या पुसलेल्या होत्या. मोरीतला नळ गळायचा, तो दुरुस्त केलेला होता. मावशी गाडीत पुढं बसल्या आणि मला म्हणाल्या, "बहिणीला म्हणावं, भिताडाला टेकून झोपू नको. पावसाळ्यात वल येती." ताईच्या काळजीचं एवढं साधं वाक्य मला सुचलं नव्हतं.

मुलीनं शाळा बदलली नाही. सकाळी जीपनं कामशेतला यायचं, तिथून लोकलनं लोणावळ्याला, आणि संध्याकाळी उलटं. मी सकाळी दूध आणायला जाते तेव्हा ती स्टेशनकडून येताना दिसायची, पाठीला दप्तर, डोळ्यांत झोप. ती मला बघून हसून मान हलवायची. मी दूध दुसऱ्या दुकानातून आणायला लागले. तिथलं दूध पातळ आहे.

खोल्यांना रंग दिला. न्हाणीत धरायला दांडा बसवला. ताई संक्रांतीनंतर येणार होती. संक्रांतीला तिचा फोन आला की सोसायटीत लिफ्ट बसली. इतकी वर्षं जी बसत नव्हती ती ह्या दोन महिन्यांत बसली. कशी, ते उपसमितीलाही सांगता येत नाही. संगमरवरी पाटी लावली, फुलांच्या माळा सोडल्या, आणि सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणून फीत ताईच्या हातून कापली. तिनं मला व्हिडिओ पाठवला. भाषणं संपेपर्यंत ती काठी टेकून उभी आहे. "त्यांनी मला फीत कापायला लावली," ती म्हणाली. "आता मी सोडून कशी जाऊ?" मला तिचं पटलं. मी तिला काही बोलले नाही, आणि भाऊंनाही लगेच काही बोलले नाही. हे दुसरं जास्त वाईट. मार्च अजून पुढं होता. खोल्या रिकाम्या होत्या. पण आपण लोकांना घालवलं कशासाठी आणि आता परत बोलावतोय कशासाठी हे फोनवर कसं मांडावं, ह्याची जुळवाजुळव करण्यात माझी थंडी गेली आणि परीक्षाही गेली.

निकाल लागल्यावर मी फोन केला. मुलगी चांगली पास झाली होती. मी अभिनंदन केलं आणि मग म्हणाले, "भाऊ, खोल्या रिकाम्या आहेत. ताई येत नाही. तुम्ही परत या. ह्या वेळी करार करू, रीतसर."

"काकू, लोणावळ्यात राहायचं कारण दहावी होती," ते म्हणाले. "ती झाली."

पाठीमागून मावशींचा आवाज आला, कोण हाय. भाऊंनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "टपालानं कळीव म्हणावं." आणि हसल्या. भाऊही हसले, मग मीही हसले, आणि फोन ठेवला.

नंतर एकदा वकील बाजारात भेटले. मी त्यांना विचारलं, स्वतःला लागतात म्हणून खोल्या रिकाम्या करून घेतल्या आणि मग तिथं कुणी राहिलंच नाही, तर कायदा काय म्हणतो? ते म्हणाले, त्यालाही तरतूद आहे. कोर्टाचा हुकूम घेऊन तुम्ही ताबा मिळवला असता आणि महिनाभरात तिथं राहायला गेला नसता, तर जुना भाडेकरू परत ताबा मागू शकला असता. पण तुमचे भाडेकरू भांडले नाहीत, आपणहून गेले. त्यामुळे त्यांना तो हक्क नाही. तुम्ही निर्धास्त असा.

ह्या पावसाळ्यात भिंतींना ओल आली आहे, मावशींनी सांगितली होती तिथंच. त्या खोल्यांत सध्या आमच्या छत्र्या वाळत असतात.